चंद्राक्काच्या हाताचं यश

चैत्र सरता सरता आमच्या घरी वर्षाचा कांदा येतो. मुलगा चाकणच्या बाजारातून पोती आणतो, ती लिफ्टनं वर चढतात आणि पिंपळे सौदागरच्या या सोसायटीतल्या आमच्या गॅलरीत कांदा पसरला जातो. सूनबाई नाक मुरडते. "आई, कोपऱ्यावर रोज ताजा मिळतो की," असं ती दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी मुलगा ऐकत नाही. मी मात्र खुर्ची गॅलरीत ओढून बसते. सुकत आलेल्या पातीचा तो उग्र, किंचित गोडसर वास घरभर फिरत राहतो आणि पुढचे काही दिवस माझं लक्ष कशात लागत नाही.

यंदा पोती उतरवायला माझा भाचाही आला होता. हे पिंपळे सौदागर म्हणजे माझं माहेर. तेव्हा इथं पवनेच्या काठानं मळे होते आणि आमच्या मळ्यात एक विहीर होती. कांदा पसरता पसरता मुलात आणि भाच्यात त्या विहिरीवरून जुंपली. मुलगा म्हणाला, विहीर आताच्या गेटपाशी होती. भाचा म्हणाला, छे, पोहण्याच्या तलावाच्या जागी. "अरे, मी तिथं पोहायला शिकलोय, मला पक्कं आठवतंय!" "आणि मी काय बघत बसलो होतो का? मला पक्कं आठवतंय!" दोघांचे आवाज चढले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बाबांनो, चहा घ्या." कुणाला खरं वाटो न वाटो, ती विहीर नेमकी कुठं होती हे मलाही सांगता आलं नसतं.

"पक्कं आठवतंय" म्हणणाऱ्या माणसाची मला थोडी भीतीच वाटते. तशी या बाबतीत आमच्या घरातली परंपरा थोर होती. आमच्या ह्यांना पावसाचं फार कळतं, असं ह्यांना वाटे. संध्याकाळी ओट्यावर बसून आभाळाकडे पाहत "उद्या येतोय बघ" म्हणायचे. आला की दोन दिवस "मी म्हणालो नव्हतो?" चालायचं. नाही आला की तो विषय घरात निघायचाच नाही. असं वर्षानुवर्षं चालून शेवटी ह्यांची स्वतःचीच खात्री पटली होती की आपला अंदाज कधी चुकलेला नाही. मी हसायची. पावसाच्या बाबतीत हसणं परवडतं.

माझं लग्न होऊन मी निघोजे गावी आले तेव्हा कांद्याचीच काढणी चालू होती. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीला सरकारी औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि माझा भाऊ तिथं बांधकामावर लागला होता. इकडे निघोज्यात मात्र सगळी चाकोरी जुनीच होती. बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापायच्या, गडीमाणसं कांदा वाहून शेताच्या कडेला ढीग लावायची. त्या ढिगाला आरण म्हणतात. वरून पात अंथरायची, म्हणजे ऊन लागत नाही. मधूनमधून आरण उकरून नासका कांदा वेचायचा, बांधापलीकडे फेकायचा आणि ढीग पुन्हा झाकायचा. पात कापताना सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असायचं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही हे कुणाला कळत नसे. सासरी नव्यानं आलेल्या मुलीला त्याचा फार उपयोग होतो.

त्याच्या पुढच्या चैत्रात हिरावन्सं पहिल्या बाळंतपणाला आल्या. हिरावन्सं म्हणजे ह्यांच्या पाठची बहीण. माझ्याच वयाच्या. दिल्या घरी रुळायच्या आत दिवस गेले होते. अंगानं काडी, पोट तेवढं पुढं. दुपारी सगळी शेतावर गेली की आम्ही दोघी पडवीत बसायचो. त्यांना कोवळ्या पातीची आणि भाकरीची वेड लागल्यासारखी ओढ होती. खाता खाता मध्येच हात थांबायचा.

"वैनी," एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या तिकडं, चिंचवडाला, डॉक्टरीणबाई हाय म्हनं?"

"हाय म्हणं. भाऊ सांगत होता."

"बायामानूसच हाय ना पर?"

"बाईच."

"मग मला तिकडं न्याल? माझ्या पोटातलं पोर आडवं फिरतंय असं वाटतंया. रातीची मी लई भ्येते."

मी ते ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांचा बहिणीवर जीव. दुसऱ्या दिवशी न्याहारीलाच ह्यांनी आईपाशी विषय काढला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या कणग्याला टेकून विळ्याला धार लावत होत्या.

"आई, हिरीला चिंचवडाला दावून आणू का? सकाळी बैलगाडी जुपतो, सांजच्याला माघारी."

आत्याबाईंनी विळा खाली ठेवला. रागावल्या नाहीत. अडाणी पोराला समजवावं तशा म्हणाल्या, "लेका, तू कुनाच्या हातावर आलास? चंद्राक्काच्या. ही हिरी? चंद्राक्काच्याच. सारं निघोजं तिच्या हातावर आलं. तिच्या हाताला यश हाय. आजवर एक पोर गेलं न्हाई तिच्या हातनं, एक न्हाई! आन् अवघडलेल्या पोरीला गाडीत घालून दगडाधोंड्यातनं हिंदकळवत न्यायची व्हय? वाटंतच काय झालं म्हंजी?"

यात खोटं काय होतं? वाट खरंच वाईट होती. गाडीचे हादरे खरेच होते. आणि चंद्राक्काचं यश तर सगळा गाव सांगत होता. ह्यांनी मान हलवली. गाडी जुंपली नाही.

चंद्राक्का म्हणजे गावची सुईण. उंच, काळीसावळी, कपाळावर आडवं भलंमोठं कुंकू. तिचे हात बघण्यासारखे होते. लांब, मऊ, शेतात राबणाऱ्या बाईचे वाटूच नयेत असे. बाळंतिणीच्या पोटावरून ते फिरायला लागले की बाईचं कण्हणं खाली यायचं. तिनं हिरावन्संना तपासलं, तेल लावलं, हनुवटी धरून हसली. "घाबरतीस काय येडे? तुझी आई तरी किती वरडत हुती तुझ्या वक्ताला. मला इचार. समदं ध्यानात हाय माझ्या." वन्संच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा रंग आला. आज मी तिच्यावर दात धरून नाही, त्याचं कारण तो रंग मी पाहिला आहे.

कळा सुरू झाल्या त्या पहाट उलटल्यावर. ऊन वर चढलं, शेतातल्या बायका न्याहारीला आल्या, परत गेल्या, तरी आतलं काही संपेना. चंद्राक्का आणि आत्याबाई आत. दार लोटलेलं. मी बाहेर चुलीपाशी पाणी तापवत होते. आमची शेळी नुकती व्यालेली होती आणि तिचं करडू दारातच खुंट्याला बांधलेलं होतं. ह्यांनी मधे एकदा अंगणात येऊन विचारलं, "गाडी जुपू का?" आतून चंद्राक्काचा आवाज आला, "आता कशाला? आलंच!" तिच्या आवाजात मुळीच घबराट नव्हती. मी तो आवाज नंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे, कुठं काही चरा सापडतो का म्हणून. नाही सापडत.

मग हिरावन्संची मोठी किंकाळी. त्यानंतर काहीतरी ऐकू आलं. बारीक, एकदाच. चुलीवर पाणी खदखदत होतं, दारात करडू होतं. मी उठून उभी राहिले. आतून कुणी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं आत्याबाई बाहेर आल्या, हात पदराला पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माघारी गेलं."

आमच्याकडे असंच म्हणतात. मेलं म्हणत नाहीत. आलेलं नव्हतंच, दारातून परतलं. ह्यांनी ते फडक्यात गुंडाळून नदीकडे नेलं. सोबत फक्त ह्यांचे चुलते होते. अशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, सुतक म्हणावं तर तेही नावापुरतं. पाचवीला पाटावर सटवाई मांडायची, ती मांडली नाही, कारण तिनं कपाळावर लिहायचं कुणाच्या? बाराव्याला नाव ठेवायचं, ते ठेवलं नाही. मुलगा होता की मुलगी हेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही आणि नवी सून विचारणार कुणाला? संध्याकाळी शेजारणी आल्या, "बाई वाचली हे नशीब" म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी कांदा तसाच शेतात होता, सगळी शेतावर गेली.

वन्संना दूध आलं. अंगाला ते कसं कळणार की बाळ नाही! लुगडं भिजायचं, ताप भरला. दूध आटवायला आमच्याकडे मोगऱ्याच्या कळ्या बांधत. देवळामागच्या मोगऱ्याच्या कळ्या मी ओच्यात भरून आणल्या आणि फडक्यात घालून वन्संच्या छातीवर आवळून बांधल्या. उन्हाळ्याची दुपार, पडवीत कांद्याच्या पातीचा वास, त्यात मोगऱ्याचा. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गाठ मारताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"वैनी, रडलं हुतं ना?"

मी दुसऱ्या हातानं गाठ चाचपत राहिले.

"मी ऐकलं. एकदाच रडलं. तुमी भाइरच हुता की. तुमी ऐकलं आसंल."

"वन्सं, चुलीवर पानी उकळत होतं. दारात करडू होतं. मला न्हाई सांगता येत."

त्यांनी मनगट सोडलं. मला खरंच सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी केसांत मोगरा माळलेला नाही. सून गजरा आणते, मी देवाला घालते.

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला हिरावन्सं माहेरी आल्या. पुन्हा कांदा, पुन्हा ओळीनं बसलेल्या बायका, हातात विळे. शेजारच्या कुरुळीहून आत्याबाईंची एक मैत्रीण आली होती. तिची सून अवघडलेली होती, पोटात पोर पायाळू आहे असं कुणी तरी म्हणालं होतं आणि सुनेचा बाप तिला पुण्याला दवाखान्यात न्यायच्या गोष्टी करत होता. मैत्रीण विचारत होती, काय करू?

आत्याबाई पात कापता कापताच म्हणाल्या, "काय दवाखाना घिऊन बसलीस! आमची चंद्राक्का हाय की. तिच्या हाताला यश हाय. आजवर एक पोर गेलं न्हाई तिच्या हातनं, एक न्हाई!"

माझा विळा थांबला. मी आधी आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा कुठं तरी दिसतं. तिथं काहीच दिसलं नाही. त्या मनापासून बोलत होत्या, मैत्रिणीचं भलं व्हावं म्हणून बोलत होत्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना ते आठवलंच नव्हतं. मग मी वन्संकडे पाहिलं. त्या आईच्या शेजारीच बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर. मान खाली घालून पात कापत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तर सगळ्यांच्याच वाहत होतं.

कुरुळीच्या सुनेचं सुखरूप झालं. चंद्राक्कानंच केलं. त्याची कथा मग पुढची कित्येक वर्षं सांगितली गेली, पायाळू पोर कसं फिरवलं, पुण्याचा दवाखाना कसा तसाच राहिला. त्या पोराचं नाव, गाव, लग्न, सगळं लोकांना ठाऊक होतं. ते जत्रेला आलं की बायका बोट दाखवायच्या. ज्यांना नावं होती ती अशी डोळ्यांपुढं हिंडत असायची. बाकीच्यांकडे बोट कुठं दाखवणार?

मी एकदा धीर करून चंद्राक्कालाच विचारलं. माझ्या पहिल्या खेपेच्या वेळी. भावानं मला आग्रहानं चिंचवडला न्यायचं ठरवलं होतं आणि ह्यांनी या वेळी आईला न विचारता गाडी जुंपायचं कबूल केलं होतं. चंद्राक्काला ते लागलं होतं. ओट्यावर बसून ती म्हणाली, "माझ्या हातनं कंदी काय वंगाळ झालंय व्हय गं?"

"आक्का," मी म्हणाले, "हिरावन्संचं?"

तिनं खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, लांब बघत. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "आगं, ते कुठं आलं हुतं! रडलं न्हाई ते आलं न्हाई. आलंच न्हाई, तर गेलं कसं म्हनायचं?"

ती हे निर्दयपणे बोलली नाही. तिच्या मोजण्याची रीतच तशी होती, आणि ती रीत काही तिनं एकटीनं बनवली नव्हती. सगळ्या गावानं, नाव न ठेवून, तेरावं न घालून, "माघारी गेलं" म्हणून, तिला ती दिली होती. अशा किती जणींच्या कुशीतून किती जीव माघारी गेले असतील, चंद्राक्काच्या हातून आणि तिच्या आधीच्या सुईणींच्या हातून? कुणालाच माहीत नाही. दुःख नको म्हणून माणसं विसरतात, हे मी समजू शकते. आईबापांनी किती सोसायचं? पण विसरून झाल्यावर जे उरतं त्यालाच आपण अनुभव म्हणतो, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या लेकीला सांगतो, घाबरू नकोस. आरणीतला नासका कांदा बांधापलीकडे फेकला की ढीग चांगलाच दिसतो. ही उपमा मला आवडत नाही. त्या जिवाला नासकं म्हणवत नाही. पण दर चैत्रात गॅलरीत कांदा निवडायला बसले की मला दुसरं काही सुचत नाही.

आणि मी तरी कुठं वेगळी आहे? त्या वर्षी ज्या वेळी वन्संनी विचारलं, तेव्हा मला खरोखर सांगता येत नव्हतं. आता मात्र इतक्या वर्षांनी मला ते रडणं स्वच्छ ऐकू येतं. बारीक, एकदाच, ओलसर. करडाचा आवाज वेगळा, चुलीवरच्या पाण्याचा वेगळा आणि हा वेगळा. मी शपथेवर सांगू शकेन इतका स्वच्छ. पण तो मी चुलीपाशी ऐकला, की वन्संनी माझं मनगट धरलं तेव्हा त्यांच्या तोंडून माझ्या कानात शिरला आणि पुढं माझ्या मायेनं, माझ्या रागानं त्याला वाढवलं, हे मला कळत नाही. आत्याबाईंना काहीच आठवत नव्हतं. चंद्राक्काची खात्री होती, रडलं नाही. वन्संची खात्री होती, रडलं. एका खोलीत तीन बाया आणि बाहेर मी.

आत्याबाई गेल्या, चंद्राक्का गेली, पुढं हेही गेले. निघोज्याच्या त्या शेतावर आता कंपनीची भिंत आहे, आतून शिफ्टचा भोंगा ऐकू येतो. नदीकाठची ती जागा ह्यांना माहीत होती. मी कधी विचारली नाही, ह्यांनी कधी सांगितली नाही.

गेल्या महिन्यात हिरावन्संना इथल्या दवाखान्यात आणलं. पोटात गाठ झाली होती, पिशवी काढायची म्हणाले. त्यांचा थोरला मुलगा दत्तू सोबत होता, मी रिक्षानं जाऊन बसले. वन्सं आता मूठभर झाल्या आहेत. उशीवर नुसते डोळे. डॉक्टर आली ती पोरसवदा मुलगी होती, गळ्यात ती नळी, हसरी. तिला पाहून वन्संनी माझ्याकडे मान वळवली आणि हळूच म्हणाल्या, "वैनी, आली बगा डॉक्टरीणबाई." मला हसू आलं आणि मी त्यांच्या अंगावरची चादर वर ओढली.

डॉक्टरनं खाट धरून वाकून विचारलं, "आजी, बाळंतपणं किती झाली?"

"तीन," दत्तू म्हणाला. "मी, माझा भाऊ आणि बहीण."

"चार," वन्सं म्हणाल्या.

दत्तू ओशाळून हसला. "तिला आता आठवत नाही हो मॅडम. वय झालंय. तीनच. मला माहितीये ना."

"चार," वन्सं पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पैलं म्हायेरी झालं. रडलं आन् गेलं."

डॉक्टरनं पेन कागदावरून उचललं. तिनं दत्तूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वन्संचा हात चादरीखालून बाहेर आला आणि माझ्या मनगटावर पडला. त्याला वजन म्हणून नव्हतं.

"ह्या हुत्या तिथं," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "ह्यास्नी इचारा."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. दत्तू माझ्याकडे बघत होता, त्याला हे काही ठाऊकच नव्हतं.

"हो, चारच," मी म्हणाले. "पहिलं रडलं होतं. मी ऐकलंय. मला पक्कं आठवतंय."